अस्सल गंज

प्रणालीच्या पक्क्या स्वयंपाकघराचे पैसे बँकेत जमून आठवडाही झाला नव्हता, आणि गणराज अलिबागहून टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन घरी आला.

मुरुडच्या नारळाच्या वाडीत त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे होतं. पाहुणे पहिल्यांदा समुद्रासाठी यायचे आणि दुसऱ्यांदा प्रणालीच्या हातच्या कालवणासाठी. ते कालवण ती मागच्या पडवीत, पत्र्याखाली, दोन शेगड्यांवर रांधायची. वारा सुटला की आधी गॅस विझायचा आणि मग प्रणाली भडकायची. दोन वर्षं पै-पै बाजूला टाकून तिने पक्क्या स्वयंपाकघरापुरते साडेतीन लाख जमवले होते. ओटा कुठे, खिडकी कुठे, सगळं तिने खडूने अंगणात आखूनसुद्धा ठेवलं होतं. गणराज जाता-येता त्या खिडकीतून चालत जायचा.

"हे काय?" प्रणालीने विचारलं.

"पिस्तूल."

"ते दिसतंय. आपल्याकडे कशाला?"

"अगं, नुसतं पाहायला आणलंय. दोनशे वर्षांपूर्वीचं आरमारी पिस्तूल आहे. पाहुणे किल्ला बघून येतात आणि विचारतात, तुमच्याकडे जुनं काय आहे? मी काय दाखवू? बाबांची छत्री? हे हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं की लोक नुसतं बघायला येतील."

"आणि उडालं म्हणजे?"

"नळीत शिसं ओतून बंद केलीय. दुकानवाल्या भावेशभाईंनी पोलिसांचा कागदपण दाखवला."

"कितीला देतात?"

गणराजने वरच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बऱ्याच दिवसांत पुसलेला नव्हता. "साडेतीन," तो म्हणाला.

"हजार?"

पंखा खरोखरच फार दिवसांत पुसलेला नव्हता.

प्रणाली आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. ती पडवीत गेली, कुकरची शिट्टी होऊ दिली आणि परत आली. "हे बघा," ती म्हणाली, "तुम्ही लहान असल्यापासून त्या किल्ल्याकडे बघत बसायचात, आईंनी सांगितलंय मला. इतकीच हौस असेल तर मी आड येत नाही. पण ज्याला यातलं कळतं अशा माणसाला दाखवा. तो खरं म्हणाला तर घ्या, मी आणखी दोन वर्षं पत्र्याखाली रांधेन. खोटं म्हणाला तर सोमवारी गवंडी बोलवायचा." अट इतकी रास्त होती की गणराजला तिच्यात खोट काढता येईना.

अलिबागच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचे गुजराती मालक भावेशभाई यांचीही हरकत नव्हती. "जुओ गणराजभाई, मी तो व्यापारी आदमी," त्यांनी फोनवर सांगितलं. "मला जसं मिळाला तसा मी विकतो. चौलकरसाहेबांना दाखवा. ते जे बोलतील ते आपल्याला मंजूर." चौलकरसाहेब हे पनवेलचे. गोदीतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं जुन्या हत्यारांचा नाद. स्वतःच्या कपाटात तीन पिस्तुलं होती आणि तिन्हींच्या जन्मकथा त्यांना पाठ होत्या. रविवारी येतो म्हणाले, पण फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी गणराजला चांगला दम भरला.

"पुसू नका, तेल लावू नका, घासू तर मुळीच नका. खोटं करणारा इंग्रजांच्या मुकुटाची खूण खोटी करतो, साल खोटं कोरतो, लाकूडही धुरात ठेवून काळं करतो. गंज मात्र त्याला जमत नाही. गंज हा जन्मदाखला असतो, कळलं?"

"कळलं, साहेब," गणराज म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं. त्याने पिस्तूल टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, की त्या टॉवेलाला कोणी हात लावायचा नाही.

सगळ्यांत आई धरायची की नाही, एवढं मात्र त्याने स्पष्ट केलं नाही. काशीबाईंचा एक नियम होता. घरात आलेल्या नव्या वस्तूने कुंकू लागल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. फ्रीज, स्कूटर, विहिरीवरचा पंप, सगळे या नियमातून गेले होते. वायफायच्या डबीवर अजून त्यांचं लाल बोट उमटलेलं होतं. म्हसळ्याच्या लेकीकडे वायफाय सारखं बंद पडतं आणि आपल्याकडे पडत नाही, याचं कारण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पिस्तूल तर हत्यार, त्यामुळे त्याला साधं बोट लावून भागण्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळी गणराजने कपाट उघडलं आणि टॉवेल सोडला. नळीवर ऐसपैस कुंकवाचं स्वस्तिक होतं. घोड्याच्या खाचेत अक्षता अडकल्या होत्या, मुठीला हळद होती, आणि सगळ्यावर शिंपडलेलं नारळाचं पाणी सुकून चिकट झालं होतं.

"आई, हे काय केलंस?"

"काल तिन्हीसांजेला उरकलं," काशीबाई म्हणाल्या. "तू बाजारात गेला होतास. नारळ चांगला निघाला हां. खोबरं आत ठेवलंय, खा."

चौलकरसाहेबांना हे स्वस्तिक दाखवणं शक्य नव्हतं. गणराजने ओलं फडकं घेतलं आणि हलकेच कुंकू टिपलं. फडकं आधी लाल झालं, मग तपकिरी झालं. त्याने घाबरून आणखी टिपलं, ते आणखी तपकिरी झालं. स्वस्तिकाचा एक पाय काही केल्या निघेना, तेव्हा त्याचा धीर सुटला आणि त्याने मोरीतला काथ्या उचलला. भानावर आला तेव्हा नळीवर चांगला बोटभर लांबीचा पट्टा नव्या चमच्यासारखा चकाकत होता. पट्ट्यावर काथ्याचे बारीक ओरखडे होते.

"बरं केलंस घासलंस ते," काशीबाई म्हणाल्या. "कसं लख्ख दिसतंय. बाकीचं मी घासून देते, चिंच भिजवलेली हाय."

गणराजने पिस्तूल शर्टाखाली घातलं आणि तो तडक कोळीवाड्यात मोरूच्या घरी गेला. मोरू त्याचा शाळेपासूनचा दोस्त, स्वतःच्या होडीवर मासेमारी करणारा. त्याने सगळी हकीकत ऐकली, पिस्तूल उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, "दोनशे वर्साचा गंज वल्या फडक्यानं जातो व्हय रं?"

हाच प्रश्न वाटेत गणराजच्या मनात आला होता आणि त्याने तो मोठ्या कष्टाने परतवला होता. "मोरू, तू प्रश्न नको विचारू," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत इथे परत गंज आणायचा. कसा आणू ते सांग."

नांगर, साखळी, इंजिन, घराच्या खिडक्या, सगळ्यांवरचा गंज काढण्यात मोरूचा जन्म गेला होता. "गंज काढायाला सगळी येतात," तो म्हणाला. "आणायाला आलेला तू पयलाच. बस, च्या घे. हितं गंज आणाया काय लागतंय."

मोरूच्या बायकोने, नलूने, मासे खारवलेल्या टोपातलं पाणी वाटीत काढून दिलं. मोरूने त्यात चिंधी बुडवली, त्या चकाकत्या पट्ट्यावर बांधली आणि पिस्तूल ओट्यावर उन्हात ठेवलं. चिंधी सुकली की पुन्हा भिजवायची, एवढंच काम होतं. गणराज दिवसभर तिथे बसून राहिला. पलीकडे एक मांजरही दिवसभर बसून होतं, त्याला पिस्तुलात गणराजइतकाच रस होता. उन्हं कलताना मोरूने चिंधी सोडली, तेव्हा खाली गडद, खरखरीत, आत मुरलेला तांबूस गंज धरला होता. इतका देखणा गंज गणराजने पाहिला नव्हता. त्याच्या शेजारी नळीवरचा बाकीचा गंज अगदीच रंगवल्यासारखा वाटत होता, पण तिकडे त्याने फार वेळ पाहिलं नाही. वास तेवढा राहिला. घरी आल्यावर त्याने कपाटात उदबत्ती लावली. आता पिस्तुलाला खाऱ्या माशांचा आणि मोगऱ्याचा, दोन्हींचा वास येऊ लागला.

रविवारी दहा वाजता चौलकरसाहेब भावेशभाईंच्या गाडीतून आले. उंच, सडपातळ, खिशाला भिंग लावलेलं. हॉलमधल्या टेबलावर त्यांनी पांढरं कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि पिस्तूल उचललं. समोर भावेशभाई होते, दाराशी काशीबाई, आणि पडवीच्या उंबऱ्यावर हात पुसत प्रणाली. गणराज कुठेच बसला नव्हता.

"मुकुटाची खूण ठीकठाक," साहेब पुटपुटले. "अशा खुणा पैशाला पासरी मिळतात. लाकूडही मला तितकंसं पटत नाही. नळीवरचा हा गंज तर..." त्यांनी तोंड वाकडं केलं. "हा बाजारी रंग वाटतो."

गणराजची निराशा झाली. त्या निराशेत थोडा सुटकेचा भागही होता, याचं त्यालाही जरा नवल वाटलं. भावेशभाईंनी रुमाल काढून कपाळ पुसलं. आणि तेवढ्यात साहेबांचं भिंग त्या पट्ट्यावर येऊन थांबलं.

"अरे," साहेब म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हे काय आहे? हा बघा, हा खरा. खोल गेलेला, समुद्राच्या खारेपणाचा गंज आहे. चाळीस वर्षं गोदीत काढलीत मी, या गंजाबाबत मला कोणी फसवू शकत नाही. कोणीतरी शहाण्याने पुढे सगळ्यावर रंग चढवला, पण एवढा मूळ भाग सुटला. आणि या खुणा पाहा, काथ्याच्या. खलाशी पिस्तूल दोरीने कमरेला बांधत असणार. घासून घासून पडल्यात."

"काथ्याच्या तर हायतच," काशीबाई म्हणाल्या.

"बघा, आजींनाही दिसतंय. आणि इथे मुकुटाच्या खाचेत लाल काय आहे? जहाजावरचा रंग. वास घ्या, भावेशभाई. दोनशे वर्षं झाली तरी लाकडाने समुद्र सोडलेला नाही."

भावेशभाईंनी वास घेतला आणि शाकाहारी माणसाला जमेल तेवढ्या आदराने मान हलवली.

"अस्सल आहे," चौलकरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढून दाखला लिहायला घेतला.

गणराजला हवं होतं ते सगळं त्याच्या हॉलमध्ये घडत होतं. त्याने प्रणालीकडे पाहिलं. तिने अंगणातल्या खडूच्या रेघांकडे एकदा पाहिलं, पदराला हात पुसले आणि ती पडवीत वळली. पाहुण्यांना चहा हवा होता, आणि बाहेर वारा सुटला होता.

"साहेब, लिहू नका," गणराज म्हणाला.

"का?"

"तो गंज काल मी आणलाय. मोरूच्या ओट्यावर. मासे खारवलेल्या पाण्याने. वास त्याचाच आहे. खुणा आमच्या मोरीतल्या काथ्याच्या आहेत, आणि ते लाल म्हणजे आईचं कुंकू." आपण स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडाने काय कबूल करतोय, ते त्याला वाक्यागणिक अधिक स्पष्ट ऐकू येत होतं. "मला ते घ्यायचं होतं, म्हणून केलं. बाकीचा गंज फडक्याला आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंपण होतं."

मग भावेशभाई हसले. "गणराजभाई, भाव कमी करायला बोलतो ना? सीधा सांगा ना. पाच-दहा कमी करू. त्याच्यामध्ये आईला कशाला आणतो?"

"मी खरं सांगतोय."

"गणराज," चौलकरसाहेबांनी पेन बंद केलं. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "एका दिवसात असा गंज येत नाही. मी अभियंता आहे. तुम्ही कुंकू लावलं असेल, नाही म्हणत नाही. काथ्याही लावला असेल. पण त्याखाली जे मूळचं होतं, ते तुमच्या नजरेला दिसलं नाही, इतकंच. नजर कमवावी लागते."

"साहेब, मोरूला बोलावतो. नलूवहिनींनी वाटी दिली, त्यांना विचारा."

"कशाला माणसं गोळा करता? तुम्हाला नको आहे ना? स्पष्ट सांगा. तुम्हाला नको असेल तर मी घेतो."

गणराजने दोन्ही हात जोडले. "साहेब, तुम्ही तर घेऊच नका. तुमच्या पाया पडतो."

ही मात्र चूक झाली. चौलकरसाहेबांचे डोळे बारीक झाले. जो माणूस एखादी वस्तू घेऊ नका म्हणून पाया पडतो, त्याला ती स्वतःला हवी असते, हे चाळीस वर्षांच्या खरेदी-विक्रीत ते शिकले होते. गणराज जसजसा विनवू लागला, तसतशी त्यांची खात्री पक्की होत गेली. त्यांनी भावेशभाईंच्या हातात हात दिला, तिथल्या तिथे व्यवहार ठरवला आणि वर गणराजच्या खांद्यावर थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी दुसरं काही मिळेल." त्यांनी चहा घेतला, तळलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या खाल्ल्या आणि पिस्तूल पांढऱ्या कापडात मांडीवर घेऊन ते पनवेलला गेले.

गाडी वळणाआड गेली तरी गणराज फाटकातच उभा राहिला. प्रणाली बाहेर आली.

"तुझा तरी विश्वास बसला का?" त्याने विचारलं.

"मला काल संध्याकाळीच कळलं होतं. कपाटातून खाऱ्याचा वास येत होता. खाऱ्याला उदबत्ती लावायची अक्कल आपल्या घरात दुसऱ्या कोणाला असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते." ती आत जायला वळली. "सांगितलंत. बरं वाटलं मला." एवढं बोलून ती आत गेली, आणि गणराजला त्या दिवसात पहिल्यांदाच भूक लागली. सोमवारी गवंडी आला.

शिमग्यापर्यंत स्वयंपाकघर उभं राहिलं. काळ्या दगडाचा ओटा, तीन शेगड्या, आणि खिडकी बरोबर खडूने आखली होती तिथेच. आता तिच्यातून चालत जाता येत नव्हतं, त्यामुळे गणराजला लांबून वळसा पडायचा आणि तो कुरकुर न करता घालायचा. त्या सकाळी प्रणाली बोंबील तळत होती, वारा सुटला होता, पण एकही शेगडी विझत नव्हती. गणराजचा फोन वाजला. चौलकरसाहेब होते. गणराजने आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

"गणराज, एक चमत्कार सांगतो," साहेब म्हणाले. आवाज आनंदाने भरून आला होता. "तो अस्सल भाग वाढतोय. आधी बोटभर होता, आता अर्धी नळी व्यापलीय. वरचा खोटा रंग आपोआप गळून पडतोय आणि आतलं मूळ वर येतंय. रोज सकाळी उठून आधी तेच बघतो मी."

"साहेब, तो गंज पसरतोय. खाऱ्या पाण्याचा गंज असाच असतो. त्याला आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा आणि तेल लावा, नाहीतर नळी खाऊन टाकेल."

"तुमचं आपलं पुन्हा तेच," साहेब हसले. "बरं, मी वेगळ्याच कामासाठी फोन केला. माझी ती जुनी तीन पिस्तुलं आहेत ना? याच्या शेजारी ठेवली की मला ती खोटी वाटायला लागलीत. असला गंज एकावरही नाही. चाळीस वर्षं मी फसलो, दुसरं काय. भावेशभाई तिन्ही घ्यायला तयार आहेत. शोभेच्या वस्तूंच्या भावाने का होईना, पण घेतो म्हणाले."

गणराज फोनवर वाकला. "साहेब, विकू नका. ती तिन्ही खरी आहेत. माझं एवढं ऐका, ती विकू नका."

"अच्छा," साहेब म्हणाले, आणि त्या एका शब्दातच कळलं, की आता ती तिन्ही उद्या दुपारपर्यंत अलिबागला पोचणार. "म्हणजे ती विकावीत असंच दिसतंय."

प्रणालीने झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि फोन उचलला. "साहेब, मी प्रणाली बोलते. यांचं ऐकू नका. विकून टाका ती तिन्ही. आजच विका. भावेशभाई देतील ते घ्या. आम्हालापण ती खोटीच वाटतात."

चौलकरसाहेबांचा श्वास ऐकू येत होता.

"आजच का?" त्यांनी हळूच विचारलं. "तुम्हाला इतकी घाई कसली?"

"कसली नाही, साहेब. आपलं सुचवलं."

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "इतक्यात नाही विकणार मी. आधी नीट बघतो."

प्रणालीने फोन ठेवला आणि कढईतले बोंबील उलटले. एका बाजूने ते जरा जास्तच लाल झाले होते. ते तिने गणराजच्या ताटात वाढले.